व्हिस्टाडोम डब्यासाठी बाहेरचा पैसा : कोणाचा घ्यावा आणि कशाच्या बदल्यात?

घाटवेडा

मंडळी, काचेच्या छपराचे डबे आता आपल्याकडे चांगले रुळले आहेत. एप्रिल २०१७ मध्ये विशाखापट्टणम-किरंदुल गाडीला अराकू खोऱ्यासाठी पहिला व्हिस्टाडोम लागला आणि त्याच वर्षी १८ सप्टेंबरला आपल्या दादर-मडगाव जनशताब्दीला. २०२१ मध्ये २६ जूनला डेक्कन एक्सप्रेस आणि १५ ऑगस्टला डेक्कन क्वीन, पुढच्या वर्षी प्रगती आणि तेजस. तरी मार्ग पुष्कळ आणि डबे मोजकेच आहेत. कसारा-इगतपुरीचा थळ घाट, कॅसलरॉकवरून उतरताना लागणारा दूधसागर, पावसाळ्यातलं रत्नागिरी ते सावंतवाडी, हे सगळं दिवसाउजेडी अशा डब्यातून बघायला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

मग प्रश्न पैशाचा. पहिल्या पिढीच्या डब्याची किंमत तेव्हा ३.३८ कोटी रुपयांच्या आसपास सांगितली गेली होती. एखाद्या मोठ्या बँकेला, आंबा-काजूवाल्या उद्योजकाला, हॉटेलवाल्यांच्या संघटनेला किंवा पर्यटन महामंडळाला ही रक्कम आवाक्याबाहेरची नाही. असा एखादा डबा रेल्वेबाहेरच्या पैशातून का घेऊ नये?

आणि यात नवं काही नाही. कोकण रेल्वेच मुळात अशी उभी राहिली. १९९० मध्ये महामंडळ निघालं तेव्हा भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा मोठा पैसा रोखे विकून जमवला. फक्त रेल्वे अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसलो असतो तर पानवलचा ६४ मीटर उंच पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कधी झाला असता कोण जाणे.

माझी भूमिका अशी की पैसा जरूर घ्यावा, पण खिडकी विकू नये. २०१७ च्या धोरणानंतर गाडीच्या बाहेरच्या अंगावर जाहिरातीचं आवरण चढवता येतं. लोकलवर आपण ते रोज बघतो. ते व्हिस्टाडोमच्या काचेवर आलं तर त्या डब्याला अर्थच उरणार नाही. प्रायोजकाचं नाव दारापाशी असावं, तिकिटावर असावं, डब्यातल्या माहितीपत्रकावर असावं. काचेवर इंचभरही नसावं.

तुमची मतं सांगा. विरोध असेल तर तोही स्पष्ट लिहा.

सावंतवाडीकर

काचेचो डबो लावा, माझी ना नाय. पण तेच्यासाठी साधो डबो काढूचो नाय.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं प्रमाण मराठीत लिहितो. व्हिस्टाडोममध्ये माणसं बसतात ४४, पहिल्या पिढीच्या डब्यात तर ४०. साध्या सेकंड सिटिंगच्या डब्यात शंभराहून जास्त माणसं बसून जातात. गणपतीत आणि मे महिन्यात आमचे चाकरमानी दारात, पॅसेजमध्ये, संडासाजवळ उभे राहून येतात. अशा गाडीचा एक डबा कोणी कंपनी पैसे देते म्हणून ४४ पर्यटकांसाठी राखला, तर तो पैसा कोकणाला मिळाला असं मी म्हणणार नाही. डब्यात बसणारा कोकण बघतो, पण कोकणातला माणूस फलाटावर राहतो.

घाटवेडा

सावंतवाडीकर, मुद्दा अगदी रास्त आहे. पण डबा जादा जोडला तर? कुठलाच डबा न काढता?

कॅरेजवॅगन

"जादा जोडा" हे सांगायला सोपं आहे. माझी सगळी नोकरी डब्यांच्या देखभालीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीची लांबी फक्त मागणीवर ठरत नाही. फलाट किती लांब, एकेरी मार्गावर समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबायच्या बाजूच्या रुळात, म्हणजे लूपमध्ये, किती डबे मावतात, ज्या पिट लाइनवर गाडीची तपासणी होते ती किती लांब, घाटात इंजिन किती भार ओढेल, हे सगळं बघावं लागतं. कोकण रेल्वेचा बराचसा भाग अजून एकेरीच आहे. तिथं एक गाडी लूपमध्ये मावली नाही तर समोरची गाडी अडते. म्हणून बहुतेक वेळा एक डबा आत आला की एक बाहेर जातो. सावंतवाडीकर जे म्हणतात त्याचं कारण हे आहे. डब्याचे तीन-चार कोटी कुठूनही उभे राहतील. गाडीतली जागा मात्र कोणताही प्रायोजक विकत आणून देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट, एक डबा म्हणजे एक डबा नव्हे. तो ठरावीक मुदतीनंतर वर्कशॉपला पूर्ण दुरुस्तीसाठी जातो. त्या काळात गाडीला काय जोडायचं? प्रवाशांनी आधीच आरक्षण केलेलं असतं. म्हणजे बदली डबा हवा. एकाच डब्याचे पैसे देणारा प्रायोजक आला तर बदलीचा भार रेल्वेवर किंवा प्रवाशावर पडतो.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मागची मोठी काच आणि तिथली उभं राहून बघायची जागा हे या डब्याचं खरं आकर्षण, आणि त्यासाठी डबा शेवटी हवा. पण गाडी परतताना इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. शंटिंग करून डबा हलवला नाही तर तीच काच थेट इंजिनाला चिकटते. पुण्याकडे जाताना आणखी एक अडचण आहे. बोरघाटाचा चढ ३७ ला १ इतका, त्यामुळे कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. डबा शेवटी असला तर नेमका घाट सुरू झाल्यावर मागच्या काचेतून बँकरचं तोंड दिसतं. डबा कुठे जोडायचा, शंटिंगला वेळ आहे का, ही बोलणी पैशाआधी व्हायला हवीत.

नेरळची

काका, इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

मला इथे माथेरानचं उदाहरण आठवतं, कारण आपल्याकडची निसर्ग दाखवणारी सगळ्यात लाडकी गाडी मुळात खासगी पैशातून झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं सुमारे १६ लाख रुपये घातले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०१ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान मार्ग बांधून घेतला. त्या काळचे १६ लाख! २ फूट गेजचा रूळ, वळणामागून वळण, मध्ये एकच छोटा बोगदा. सरकारनं मनावर घेईपर्यंत ते थांबले नाहीत.

पण पुढे काय झालं तेही बघा. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात मार्ग वाहून गेला, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद. मग सुरू झाली तर २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा रूळ उखडले, आणि नेरळपासून माथेरानपर्यंत गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. मार्ग बांधायला एक दानशूर घराणं पुरलं. दर पावसाळ्यानंतर दरड हटवायला, भराव बांधायला, गटारं मोकळी करायला दरवर्षी पैसा लागतो आणि त्यासाठी कोणी पुढे येत नाही, कारण गटारावर कोणाचं नाव लिहीत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, प्रायोजक शोधायचाच तर डब्यासाठी आधी शोधू नका. डबा ज्या रुळावर जाणार त्याच्या देखभालीसाठी शोधा.

हिशेबनीस

नेरळची यांच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे, म्हणून थोडं लिहितो. कंपन्यांकडून पैसे म्हटलं की सगळे "सीएसआरमधून घ्या" म्हणतात, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चातून. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपनीनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चायची असते. कशावर, ते सातव्या परिशिष्टात आहे. राष्ट्रीय वारशाचं जतन त्यात बसतं. एक्सप्रेस गाडीला जोडलेला महागड्या तिकिटाचा वातानुकूलित डबा त्यात बसवणं मला कठीण वाटतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०२१ च्या सुधारित नियमांनी स्वतःच्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमधून वगळलं आहे. म्हणजे कंपनीला डब्यावर आपलं नाव झळकवून व्यवसाय वाढवायचा असेल तर तो जाहिरातीचा खर्च, आणि तो जाहिरातीच्या खात्यातूनच व्हायला हवा. दोन्ही एकदम साधत नाही. या दोन पैशांचा स्वभाव वेगळा आहे. जाहिरातीचा पैसा मोजदाद मागतो, किती डोळ्यांनी नाव पाहिलं, आणि करार संपला की निघून जातो. वारशासाठी दिलेला पैसा हळू येतो, कागदपत्रं जास्त मागतो, पण माथेरानच्या भरावावर तो खर्च होऊ शकतो.

सह्याद्रीमित्र

रेल्वेच्या गाड्या बाहेरच्या आयोजकांना सहलींसाठी देणाऱ्या भारत गौरव योजनेचं काय? नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली, पहिली गाडी जून २०२२ मध्ये कोइम्बतूरहून शिर्डीला आली. त्या मार्गानं डबे घेता येणार नाहीत का?

हिशेबनीस

त्यात अख्खी गाडी भाड्यानं घ्यावी लागते, किमान १४ डब्यांची. धार्मिक सहलीच्या आयोजकाला ते परवडतं. आपल्याला हवाय नेहमीच्या गाडीला कायमचा एक डबा. एका दिवसापुरता आरक्षित करायचा असेल तर आयआरसीटीसीकडे एफटीआरची, म्हणजे पूर्ण भाडं भरून अख्खा डबा घ्यायची, सोय आहे, पण ती लग्नाच्या वऱ्हाडासाठी ठीक, आपल्या प्रस्तावाला उपयोगाची नाही.

सिएटलवासी

तुमच्या चर्चेत थोडी बाहेरची भर घालतो. "बाहेरच्या माणसाचा डबा, रेल्वेचं इंजिन" ही पद्धत सगळ्यात पक्की झालेली दिसते ती अलास्कात. तिथली रेल्वे १९८५ पासून राज्य सरकारच्या मालकीची. उन्हाळ्यात अँकरेजहून डेनालीकडे जाणाऱ्या गाड्यांत रेल्वेचे स्वतःचे डबे असतात आणि त्यांच्यासोबत जहाज-सहलींच्या कंपन्यांचे दुमजली काचेचे डबे जोडलेले असतात. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या त्यातल्या ठळक. डबा त्यांचा, आतलं खाणंपिणं त्यांचं, माहिती सांगणारी माणसं त्यांची. रेल्वे ओढून नेते आणि त्याचे पैसे घेते. डबा रिकामा गेला तरी तोटा कंपनीचा.

मला तिथली दुसरी गाडी जास्त आवडते. टॉकीटना ते हरिकेन या पट्ट्यात रस्ताच नाही, रानात एकेकटी घरं आहेत. तिथे त्याच रेल्वेची हरिकेन टर्न नावाची गाडी जाते आणि रुळाशेजारी उभं राहून हात दाखवला की थांबते. आपल्या एसटीची "हात दाखवा, गाडी थांबवा" तशीच. शिकारी, मासे पकडणारे, पाठीवर महिन्याचा किराणा घेतलेली माणसं चढतात. जहाज कंपन्यांचे काचेचे डबे आले म्हणून ती गाडी कोणी बंद केली नाही. सावंतवाडीकर, तुमचं म्हणणं मला त्यामुळेच पटलं.

रुळावरचा

प्रायोजकाचा हेतू काय असावा यावर एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. काचेच्या घुमटाच्या डब्याची आधुनिक कल्पना एका इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला सुचली. जनरल मोटर्सचे सायरस ऑस्बोर्न १९४४ मध्ये कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड दरीतून डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये बसून चालले होते. ड्रायव्हरला जे दिसतं ते प्रवाशाला का दिसू नये, असं त्यांच्या मनात आलं. १९४५ मध्ये बर्लिंग्टन रेल्वेनं असा पहिला डबा केला. मग १९४७ मध्ये जनरल मोटर्सनं स्वतःच्या पैशानं घुमटाच्या चार डब्यांची "ट्रेन ऑफ टुमॉरो" काढली, पुलमन-स्टँडर्डकडून बांधून घेतली आणि देशभर फिरवली. कंपनीला डिझेल इंजिनं विकायची होती, तिकिटांतून पैसे काढायचेच नव्हते. १९५० मध्ये गाडी युनियन पॅसिफिकनं विकत घेतली, पण तोवर दुसऱ्या रेल्वेकंपन्यांनी तसे डबे मागवायला सुरुवात केली होती.

ज्याला डब्यातून थेट नफा नको आहे असा प्रायोजक प्रवाशाच्या दृष्टीनं सगळ्यात बरा. तिकीट स्वस्त ठेवायला त्याची हरकत नसते.

नेरळची

तिकिटाचा विषय निघाला ते बरं झालं. व्हिस्टाडोमचं भाडं शताब्दीच्या एक्झिक्युटिव्ह वर्गावर बेतलेलं आहे, सवलत नाही, मुलांनाही पूर्ण भाडं. आई-बाबा आणि दोन मुलं म्हणजे चार पूर्ण तिकिटं. डब्याची खरेदीच बाहेरच्या पैशानं झाली असेल तर निदान त्या डब्यात मुलांना अर्ध्या भाड्यात बसवा, ही अट करारात हवी. खिडकीला नाक लावून बसायचं वय त्यांचंच असतं.

कॅरेजवॅगन

ताई, पूर्ण सहमत. आणि तुमच्या आधीच्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. या डब्यात सगळ्यात जास्त काय बिघडतं असं मला कोणी विचारलं तर मी काच म्हणेन. फुटण्याचं प्रमाण कमी, मळण्याचं जास्त. छपरावर धूळ बसते, विजेच्या मार्गावर इंजिनाचा तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ घासून उडणारी काळी पूड बसते, पावसात तिचे ओघळ होतात. बाजूच्या काचा खालून लांब दांड्याच्या ब्रशनं धुता येतात. छपराची काच धुवायला वर चढावं लागतं, आणि वर २५ हजार व्होल्टची तार. वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय तिथे माणूस चढवता येत नाही, नाहीतर तार नसलेल्या लाइनवर डबा न्यावा लागतो. शेवटच्या स्थानकावर गाडी थोडाच वेळ उभी असेल तर छप्पर तसंच राहतं. प्रवासी एवढे पैसे मोजून वर बघतो आणि त्याला डाग दिसतात.

म्हणून प्रायोजक येणार असेल तर मी त्याला एवढंच म्हणेन, डबा रेल्वेला बांधू द्या, तुम्ही दहा वर्षं काच स्वच्छ ठेवायचा खर्च घ्या. दोन्ही टोकांना तार नसलेली एकेक धुण्याची जागा, वर जायला कठडा असलेली मचाण, प्रशिक्षित माणसं. त्यात नाव लावायला जागा कमी आहे हे मला कळतं. पण प्रवाशाला आठवण राहते ती स्वच्छ काचेची.

प्रवासिनी

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या सगळ्यांना माहीत असेल, बर्निना मार्गावर पॅनोरमा डब्यांची खास गाडी आहे आणि पास असला तरी तिचं आरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. पण त्याच रुळावरून साधी गाडीही जाते, तिला आरक्षण लागत नाही आणि खिडकी उघडता येते. डोंगर तेच, पूल तेच. फोटो काढणारे मुद्दाम तिच्यात बसतात. ती रेल्वे चालवणाऱ्या कंपनीत निम्म्याहून थोडा जास्त वाटा ग्राउब्युंडन प्रांताचा आहे, म्हणून गावकऱ्याची गाडी आणि पर्यटकाची गाडी दोन्ही सांभाळली जातात, असा माझा समज.

आपल्याकडेही दिवा-सावंतवाडी पॅसेंजरची खिडकी काही कमी नाही. तिच्या काचा, पंखे, संडास सुधारायला कोणी पैसे दिले तर तोही निसर्ग दाखवणारा डबाच की. अमेरिकेत ॲमट्रॅकच्या काही गाड्यांत राष्ट्रीय उद्यान सेवेचे स्वयंसेवक येऊन बाहेर काय दिसतंय ते सांगतात. तसं आपल्या भूगोलाच्या, इतिहासाच्या शिक्षकांना सुट्टीत करता येईल. त्याला तर डबाही लागत नाही, थोडं मानधन आणि रेल्वेची परवानगी लागते.

सावंतवाडीकर

प्रवासिनीताई, हे मनापासून आवडलं. जांभा म्हणजे काय, कातळावर पाऊस पडला की काय उगवतं, वाशिष्ठी कुठून येते, हे आमची माणसं सांगतील. त्यासाठी पैसे देणारा कोणी मिळाला तर सगळ्यात आधी मी नाव नोंदवतो.

घाटवेडा

इतकी चांगली चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचं वाचून मी प्रस्ताव नव्यानं मांडतो. विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीवरच्या सदस्यांना पत्र द्यायचा विचार आहे, म्हणून शब्द नेमके हवेत.

बाहेरच्या पैशातून डबा घ्यायचा तर चालू गाडीतला एकही साधा डबा त्यासाठी काढला जाऊ नये. लांबी वाढवता येत नसेल तर त्या गाडीला डबा नको, दुसरी गाडी शोधा. प्रायोजकानं डब्यासोबत बदली डब्याची तरतूद करावी किंवा रेल्वेकडून ती आधी लेखी घ्यावी. काच, वातानुकूलन आणि फिरत्या खुर्च्या यांच्या देखभालीची रक्कम कराराच्या पूर्ण मुदतीसाठी वेगळ्या खात्यात आधी भरावी. काचेवर जाहिरात नाही. मुलांना अर्धं भाडं. डब्याची जागा आणि शंटिंगचा वेळ वेळापत्रकात ठरल्याशिवाय खरेदी नाही.

आणि पहिली मागणी डब्याची नसेल. पहिली मागणी माथेरान मार्गाच्या पावसाळी देखभालीसाठी वारसा निधीची, आणि दुसरी आहेत त्या व्हिस्टाडोमच्या काचा धुण्याच्या सोयीची. नवा डबा तिसऱ्या क्रमांकावर.

नेरळची

माथेरानच्या परिच्छेदात अमन लॉज-माथेरान शटलचा वेगळा उल्लेख करा. गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे ती गाडी पर्यटकांइतकीच तिथे राहणाऱ्यांची आहे. शाळेची मुलं, आजारी माणसं, सामान, सगळं तिच्यातून जातं. वारसा निधी म्हटल्यावर तिकीट वाढवायचा मोह होतो. रहिवाशांचं भाडं वाढणार नाही हे त्यात स्पष्ट लिहा.

हिशेबनीस

मसुदा मला पाठवा. "प्रायोजक" आणि "देणगीदार" हे शब्द सगळीकडे वेगवेगळे ठेवू, कारण पहिल्याला नाव लावायला मिळेल आणि दुसऱ्याला सीएसआरचा लाभ. एकाच वाक्यात दोघांना घातलं तर कंपनीचे लेखापरीक्षक पहिल्याच वाचनात परत पाठवतील.

कॅरेजवॅगन

धुण्याच्या जागेचं साधं रेखाचित्र मी काढून देतो. मचाणीची उंची, तारेपासूनचं अंतर, पाण्याचा निचरा, सगळं मापासकट. रविवारपर्यंत इथेच टाकतो.

सावंतवाडीकर

पहिल्या अटीत "साधा डबा" ऐवजी "अनारक्षित आणि सेकंड सिटिंगचा डबा" असं लिहा. मग माझी सही धरा.